‘सी चेंज’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ आणि उगम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘सी चेंज’ म्हणजे नेमके काय?

एखादी गोष्ट आतून-बाहेरून पालटणे. नाव तेच राहते, कधी कधी बाहेरचा आकारही तोच राहतो, पण जिची ती बनलेली होती ती वस्तूच बदललेली असते. मराठीत याच्या सर्वांत जवळचा शब्द ‘कायापालट’. हा शब्द किती चपखल आहे, ते वाक्प्रचाराचा उगम पाहिल्यावर कळते, कारण मूळ ओळींत खरोखरच एका माणसाची काया पालटते आहे.

‘सी’ म्हणजे समुद्र. मग ‘समुद्राएवढा प्रचंड बदल’ असाच अर्थ झाला ना?

नाही, आणि या वाक्प्रचाराबद्दलचा सर्वांत पसरलेला गैरसमज हाच आहे. इथला समुद्र बदलाचा आकार सांगत नाही. तो बदल करणारा आहे.

शाळेतले समास आठवा. ‘कमलनयन’ म्हणजे कमळासारखे डोळे. तिथे पहिले पद उपमा देते. ‘ईश्वरनिर्मित’ म्हणजे ईश्वराने निर्माण केलेले. तिथे पहिले पद कर्ता आहे. ‘सी चेंज’चा विग्रह दुसऱ्या तऱ्हेचा: समुद्राने केलेला पालट. बुडालेल्या वस्तूवर पाणी, मीठ आणि तळातले जीव मिळून जे काम करतात, ते.

विग्रह चुकला की वापरही चुकतो. ‘मोठा’ एवढाच अर्थ मनात असला की माणूस कुठल्याही मोठ्या बदलाला ‘सी चेंज’ म्हणू लागतो. पेट्रोल एकदम दहा रुपयांनी महागले तर तो मोठा बदल आहे, पण पेट्रोल पेट्रोलच राहिले. तिथे हा शब्द बसत नाही.

हा वाक्प्रचार आला कुठून?

शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ या नाटकातून. नाटक १६१०-११ च्या सुमारास लिहिले गेले. १ नोव्हेंबर १६११ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात, राजा पहिला जेम्स याच्यापुढे त्याचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. छापून मात्र ते शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १६२३ च्या ‘फर्स्ट फोलिओ’ या मोठ्या संग्रहात आले आणि त्या संग्रहातले ते पहिलेच नाटक आहे.

शब्द येतो पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात. वादळात जहाज फुटले आहे. नेपल्सचा राजपुत्र फर्डिनंड एकटाच किनाऱ्याला लागला आहे आणि आपला बाप, राजा अलोन्सो, बुडाला अशा समजुतीने रडतो आहे. एरियल नावाचे अदृश्य भूत त्याच्या कानाशी गाणे म्हणते. त्या गाण्याचा गद्यातला अर्थ असा:

‘पुरत्या पाच वाव पाण्याखाली तुझा बाप पडला आहे. त्याच्या हाडांची पोवळी झाली आहेत. ते मोती आहेत ना, ते त्याचे डोळे होते. त्याचे झिजून जाणारे असे काहीच उरलेले नाही; जे जे होते त्याचा समुद्राने पालट केला आहे आणि त्यातून काहीतरी मोलाचे, अनोखे झाले आहे.’

शेवटच्या वाक्यातला ‘समुद्राने केलेला पालट’ म्हणजेच आपला ‘सी चेंज’.

मग अलोन्सोचे खरेच तसे होते का?

होत नाही. तो बुडालेलाच नाही. बेटाच्या दुसऱ्या बाजूला तो सुखरूप आहे, आणि एरियल हे सारे आपला धनी प्रॉस्पेरो याच्या सांगण्यावरून गातो आहे. म्हणजे ज्या पालटाच्या वर्णनातून हा शब्द जन्मला, तो पालट त्या देहाचा कधी झालाच नाही. नाटकात अलोन्सोचा जो बदल होतो तो मनाचा: प्रॉस्पेरोला राज्यावरून घालवण्यात आपला हात होता याचा त्याला पश्चात्ताप होतो आणि शेवटी तो क्षमा मागतो.

दुसऱ्या अंकात म्हातारा गोन्झालो एक गोष्ट पुन्हा पुन्हा बोलून दाखवतो, ती वाचकांच्या नजरेतून सहसा सुटते. आपले कपडे समुद्रात भिजले, तरी खाऱ्या पाण्याचे डाग पडण्याऐवजी नुकतेच रंगवून काढल्यासारखे ताजे दिसताहेत, असे तो म्हणतो. समुद्र नासवत नाही, नवे करून देतो, हा धागा गाण्यापुरता नाही. तो सगळ्या नाटकातून गेला आहे.

मूळ गाण्यात ‘पाच फॅदम’ आहे. ते म्हणजे किती खोल? आणि भाषांतरात ‘वाव’ का?

एक फॅदम म्हणजे सहा फूट, १.८३ मीटर. पाच फॅदम म्हणजे तीस फूट, सुमारे नऊ मीटर. साधारण तीन मजली इमारतीएवढे.

फॅदमचा मूळ अर्थ पसरलेले दोन हात, कवेत घेण्याएवढी लांबी. मराठीतही हेच माप आहे आणि त्याचे नाव वाव: दोन्ही हात फाकवले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचे अंतर. दोरी, जाळे आणि पाण्याची खोली वावांत मोजतात. भिजलेली दोरी हाताहाताने वर ओढताना प्रत्येक ओढीला एक वाव मोजला जातो, म्हणून खलाशाला वेगळी पट्टी लागत नाही. दोन भाषांनी एकाच कामासाठी शरीराचे एकच माप उचलले, तेव्हा ‘पाच वाव’ हेच भाषांतर सर्वांत सच्चे. ‘तीस फूट’ म्हटले की गाणे तिथेच मरते.

हाडांचे ‘पोवळे’ म्हणायचे की ‘प्रवाळ’?

पोवळे. प्रवाळ म्हटले की आज डोळ्यांपुढे खडकासारखी पांढरी-करडी भिंत येते. शेक्सपिअरच्या काळच्या लंडनला ओळखीचे होते ते भूमध्य समुद्रातले तांबडे पोवळे, माळेत ओवण्याचे, आपल्याकडे नवरत्नांत मोत्याशेजारी बसणारे. एका सुनीतात तो प्रेयसीच्या ओठांशी तुलना करायला पोवळ्याचीच लाली घेतो. फांद्यांचा आकार, दगडाचा कठीणपणा आणि रक्ताचा रंग असे तिन्ही पोवळ्यात आहे, म्हणून हाडाची जागा ते सहज घेते.

शिवाय पोवळे ही वस्तूच युरोपच्या कल्पनेत रूपांतराची होती. रोमन कवी ओव्हिडच्या कथेत पर्सियस हा वीर, जिला पाहणाऱ्याचा दगड होई त्या मेड्युसाचे तोडलेले डोके समुद्रातल्या मऊ काड्यांवर ठेवतो आणि त्या काड्या कडक होऊन पोवळे बनतात. शेक्सपिअरने ओव्हिड जवळून वाचला होता. याच नाटकातले प्रॉस्पेरोचे एक मोठे भाषण ओव्हिडवरून घेतलेले आहे.

डोळ्यांचे मोतीच का झाले?

गोल, पांढरे, चमकदार, हे तर आहेच. पण मराठी वाचकाला यातले एक मर्म चटकन कळेल. डोळ्यात पांढरी साय धरते त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो. शेक्सपिअरच्या काळच्या इंग्रजीतही डोळ्यावर येणाऱ्या पांढऱ्या पडद्याला ‘पर्ल’, म्हणजे मोती, म्हणत. त्यामुळे तेव्हाच्या प्रेक्षकाला ‘डोळ्यांचे मोती झाले’ हे ऐकताना दागिन्याच्या आधी दृष्टी गेलेला, थिजलेला डोळा दिसत असणार. मेलेल्या बापाचे उघडे, दुधाळ डोळे आणि हारातले मोती अशी दोन चित्रे एकाच शब्दात आहेत. आजच्या इंग्रजी वाचकाला यातले पहिले सहसा दिसत नाही; ‘मोतीबिंदू’ रोज बोलणाऱ्याला ते आपोआप दिसते.

विज्ञानाच्या दृष्टीने असा पालट शक्य आहे का?

गाण्यात आहे तसा नाही. मोती शिंपल्याच्या आतच तयार होतो: आत शिरलेल्या बाहेरच्या वस्तूभोवती किंवा दुखावलेल्या पेशींभोवती शिंपल्यातला जीव कॅल्शियम कार्बोनेटचे पातळ थर चढवत जातो. पोवळ्याचे जीव बुडालेल्या कठीण वस्तूवर वस्ती करू शकतात, पण तेव्हा वस्तूवर पोवळे चढते, वस्तूचे पोवळे होत नाही. हाडाचे मुख्य खनिज कॅल्शियम फॉस्फेटचे, पोवळ्याचे कॅल्शियम कार्बोनेटचे. दोन्ही वेगळी.

उलटा प्रवास मात्र माणसाने करून दाखवला. प्रवाळाचा सांगाडा फॉस्फेटच्या द्रावणात बंद भांड्यात, जास्त दाबाखाली तापवला की कार्बोनेट निघून त्याच्या जागी फॉस्फेट बसते आणि हाडातल्या खनिजासारखे हायड्रॉक्सीॲपेटाइट तयार होते. प्रवाळाची बारीक, आरपार जोडलेली छिद्रे जशीच्या तशी राहतात, त्यामुळे रुग्णाच्या पेशी आणि रक्तवाहिन्या त्यांतून वाढू शकतात. ही पद्धत १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे असा पदार्थ हाडाची पोकळी भरायला वापरला गेला आणि डोळा काढावा लागलेल्या रुग्णांच्या खोबणीत बसवायचे गोळेही त्याचे बनले. गाण्यातली हाडे आणि डोळे, दोन्ही प्रवाळातून परत आली.

‘सी चेंज’चा अर्थ समजावायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. जाळी तीच, द्रव्य दुसरे.

मूळ ओळीत ‘सफर’ (सोसणे) हे इंग्रजी क्रियापद आहे. म्हणजे हा बदल दुःखाचा?

त्या काळी ‘सफर’ म्हणजे ‘एखाद्या गोष्टीतून जाणे, ती अंगावर घेणे’ असाही सरळ अर्थ होता. मराठी ‘सोसणे’त दुःखाची छटा आहे, ‘भोगणे’त सुखही भोगता येते; त्या दोहोंच्या मधले काहीतरी. आज लिहिताना ‘अंडरगो’ हे क्रियापद वापरावे. ‘सफर अ सी चेंज’ लिहिले तर वाचणारा एकतर शेक्सपिअर ओळखेल किंवा काही वाईट घडले असे समजेल.

वाक्प्रचार स्वतः चांगला-वाईट ठरवत नाही. ते पुढच्या शब्दांनी सांगावे लागते.

गाण्यातला शब्द रोजच्या बोलण्यात कसा आला?

हळूहळू. आधी तो अवतरण म्हणूनच वावरला. कवी शेली ८ जुलै १८२२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ नाव बुडून गेला. रोमच्या प्रोटेस्टंट दफनभूमीतल्या त्याच्या दगडावर एरियलच्या गाण्यातल्या याच तीन ओळी कोरलेल्या आहेत: काहीच झिजत नाही, समुद्राने पालटते, मोलाचे आणि अनोखे होते. त्या निवडल्या त्याचा मित्र ट्रेलॉनी याने. तिथे शब्द अजून पाण्याशी आणि मृत्यूशी बांधलेला आहे.

पुढे लेखक तो समुद्राशिवाय वापरू लागले आणि विसाव्या शतकात तो वर्तमानपत्री झाला. राजकारणातले त्याचे गाजलेले उदाहरण १९७९ चे. ब्रिटनचे पंतप्रधान जेम्स कॅलहन निवडणुकीच्या काळात आपल्या सल्लागाराला म्हणाले होते की, साधारण तीस वर्षांतून एकदा राजकारणात ‘सी चेंज’ येतो आणि मग तुम्ही काय बोलता, काय करता याने फरक पडत नाही. त्या मे महिन्यात मार्गारेट थॅचर निवडून आल्या. कॅलहन यांनी शब्द नेमका वापरला होता: पाण्याखाली काम आधीच झालेले आहे, वरच्यांना ते उशिरा दिसते.

खलाशांच्या बोलीतून, वारा-भरती बदलण्यावरून हा शब्द आला असे म्हणतात. खरे का?

नाही. हवा आणि भरती पुन्हा पूर्वीसारखी होते. पोवळे झालेले हाड परत हाड होत नाही. भरती-ओहोटीवरून आलेला वाक्प्रचार वेगळा आहे: ‘द टाइड हॅज टर्न्ड’, म्हणजे पारडे फिरले. ते पुन्हाही फिरू शकते.

वाक्यात कसा वापरायचा?

नाम म्हणून, बहुधा एकवचनी, आधी ‘अ’ लावून. ज्यात बदल झाला त्याच्याआधी ‘इन’: ‘अ सी चेंज इन पब्लिक ओपिनियन’. ‘ऑफ’ नको. सोबतची क्रियापदे ठरलेली आहेत: बदलणारी गोष्ट कर्ता असेल तर ‘अंडरगो’, बदल घडवणारा कर्ता असेल तर ‘ब्रिंग अबाउट’, काळ किंवा ठिकाण कर्ता असेल तर ‘पाहणे’ या अर्थाचा ‘सी’ किंवा ‘विटनेस’. ‘देअर हॅज बीन अ सी चेंज इन…’ ही रचना सर्वांत सुरक्षित, आणि पुढे ‘सिन्स’ आला तर काळ हाच ठेवायचा.

फोलिओत दोन शब्दांमध्ये संयोगचिन्ह आहे. आज बहुतेक जण ते न घालता दोन सुटे शब्द लिहितात. दोन्ही चालते, पण एका लेखात एकच पद्धत ठेवा. उच्चारात जोर ‘सी’वर.

नेहमी होणाऱ्या चुका कोणत्या?

ऐकून लिहिणारे ‘पाहणे’ या अर्थाचा ‘सी’ लिहितात. उच्चार सारखा असल्याने शब्दलेखन तपासणारे सॉफ्टवेअर ही चूक पकडत नाही; स्वतःच पाहावे लागते.

‘ड्रास्टिक सी चेंज’, ‘कम्प्लीट सी चेंज’ ही द्विरुक्ती आहे, ‘पिवळा पीतांबर’ म्हटल्यासारखी. ‘अ सी ऑफ चेंज’ हा वाक्प्रचारच नाही.

‘ओव्हरनाइट सी चेंज’ व्याकरणाला चालते, पण आमच्या मते टाळावे. रातोरात झालेल्या बदलासाठी इंग्रजीत दुसरे शब्द आहेत. हा शब्द थर चढत जाण्याचा आहे, आणि ती छटा गेली की त्यात ‘बिग चेंज’हून अधिक काही उरत नाही. आपल्याकडच्या इंग्रजी निबंधांत आणि सरकारी अहवालांत तो इतका सैल वापरला जातो की परीक्षक तो वाचतच नाही. एका निबंधात एकदाच, आणि योग्य जागी.

योग्य जागा ओळखायची कशी?

तीन प्रश्न विचारा. गोष्ट अजून त्याच नावाने ओळखली जाते का? ती ज्याची बनली होती ते बदलले का? आणि परतीची वाट बंद झाली का? तिन्हींना ‘हो’ आले तर वापरा.

मुंबईचे गिरणगाव घ्या. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि जमिनींचा वापर बदलत गेला. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात धुराडे आजही उभे आहे. त्याच्या पायथ्याशी कापडाऐवजी दुकाने आणि खानावळी आहेत. परळ हे नाव तेच, चिमणी तीच, आतला माणूस आणि त्याचा धंदा दुसरा, आणि भोंगा आता परत वाजणार नाही. इथे ‘सी चेंज’ शब्दशः बसतो. गिरणीत जन्म काढलेल्याला तो ‘मोलाचा आणि अनोखा’ वाटेलच असे नाही, हे मात्र वाक्यात वेगळे सांगावे लागेल.

याउलट रेल्वेचे वेळापत्रक बदलले, शाळेचा गणवेश बदलला: ‘चेंज’ पुरे.

‘स्टेप चेंज’, ‘पॅरडाइम शिफ्ट’, ‘टर्न ओव्हर अ न्यू लीफ’ यांच्यात आणि यात फरक काय?

‘स्टेप चेंज’ म्हणजे एकदम एक पायरी वर किंवा खाली. आलेखावर रेघ सरळ चालता चालता उडी मारते, तसा. मोजता येतो आणि झटक्यात होतो.

‘पॅरडाइम शिफ्ट’ हा विचाराच्या चौकटीचा बदल. थॉमस कून यांच्या विज्ञानाच्या इतिहासावरील १९६२ च्या पुस्तकानंतर त्याचा प्रसार झाला. वस्तू तीच, पाहण्याची रीत दुसरी. ‘सी चेंज’मध्ये वस्तूच पालटते.

‘टर्न ओव्हर अ न्यू लीफ’ माणसाने स्वतः ठरवून केलेल्या सुधारणेसाठी. त्यातले पान झाडाचे नसून वहीचे आहे. मराठीत दोन्हींना ‘पान’च म्हणत असल्याने आपली इथे गल्लत होते. व्यसन सोडले तर ‘न्यू लीफ’. ‘सी चेंज’ बहुतेक वेळा ठरवून होत नाही, तो होऊन गेल्यावर कळतो.

मराठीत भाषांतर करताना कोणता शब्द घ्यावा?

संदर्भ पाहून. गाव, संस्था, इमारत, माणूस असे डोळ्यांना दिसणारे काही पालटले तर ‘कायापालट’. धोरण, कायदा, पद्धत असेल तर ‘आमूलाग्र बदल’. मुळापासून शेंड्यापर्यंत, हे त्या शब्दातच आहे. समाज किंवा काळ एका अवस्थेतून दुसरीत गेला तर ‘स्थित्यंतर’. ‘उलथापालथ’ नको, तिच्यात मोडतोड आहे. ‘जमीन-अस्मानाचा फरक’ही नको, तो दोन गोष्टींची तुलना करतो, एका गोष्टीचा प्रवास सांगत नाही.

वाक्य असे आले समजा: ‘२०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून छोट्या विक्रेत्यांच्या व्यवहारांत सी चेंज झाला आहे.’ बातमीत ‘व्यवहारांची पद्धत आमूलाग्र बदलली’ हे नेमके. ललित लेखात ‘व्यवहाराचे रूपच पालटले’ अधिक बोलते. ‘सागरी बदल’ किंवा ‘समुद्री परिवर्तन’ मात्र कुठेच लिहू नका. वाचणाऱ्याला ती हवामान खात्याची सूचना वाटेल.

ऑस्ट्रेलियात राहणारे नातेवाईक ‘आम्ही सी चेंज करतोय’ म्हणतात. ते काय?

तिथे या शब्दाला वेगळा, घरगुती अर्थ आला आहे: शहरातली धावपळ सोडून समुद्रकाठच्या लहान गावी राहायला जाणे. हा अर्थ रूढ करण्यात तिथल्या एबीसी वाहिनीवर १९९८ मध्ये सुरू झालेल्या याच नावाच्या मालिकेचा मोठा वाटा आहे. असे जाणाऱ्याला ‘सी चेंजर’ म्हणतात आणि समुद्राऐवजी आत डोंगर-रानाकडे गेला तर ‘ट्री चेंज’. या अर्थी क्रियापदही बदलते: ‘अंडरगो’ नाही, ‘मेक अ सी चेंज’. तेव्हा मेलबर्नहून असा निरोप आला तर त्यांचे काय बिघडले याची काळजी न करता नवा पत्ता विचारावा.